मागच्या सीटवरचं प्लास्टिक

“वॉरंटी वाढवून घ्या साहेब, म्हणजे इंजिनापासून सीटपर्यंत कशाचीच काळजी नको,” सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार पुन्हा म्हणाला. साहेबांना आता हो म्हणायचा कंटाळा आला होता आणि नाही म्हणायचाही. असले निर्णय बायको घ्यायची. एवढी महागडी गाडी, पण विकताना भाव पडायला नको म्हणून तिनं मागच्या सीटवरचं प्लास्टिक कधी काढूच दिलं नाही. उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं, तरी बाई तिथंच बसायची. दवाखान्यातही त्यावरच आडवी होऊन गेली. परत आलीच नाही. सल्लागारानं मागचं दार उघडून प्लास्टिक सर्रकन ओढून काढलं. “बघा, कशी कोरी करकरीत! कुणी बसलंय असं वाटतंय का?” साहेबांनी सीटवरून हात फिरवला. खरंच वाटत नव्हतं. वाकून त्यांनी तिच्या बसण्यानं चुरगळलेलं प्लास्टिक उचललं. “सीटचं राहू द्या. हे टिकवायला काही आहे तुमच्याकडे?”