सत्तेचाळीस नंबरची नळी

मरणापुढे सगळे सारखे, हे किर्गिझस्तानातल्या नारिन शहराच्या आरोग्य प्रयोगशाळेत रोज सिद्ध होत असे. पटकी असो, हगवण असो, घटसर्प असो. सगळे जंतू एकाच ऑटोक्लेव्हमध्ये, एकशे बत्तीस अंशांच्या वाफेवर जात. फक्त झाकण नीट बसावं म्हणून मरणाला आधी दोन थपडा माराव्या लागत.

थपडा मारायचं काम बुबुसाराचं. तीस वर्षं तीच जंतू पेरायची, वाढवायची आणि काम संपलं की मारायची. एक सोडून.

सत्तेचाळीस नंबरच्या नळीत विषमज्वराचा जंतू होता. बावीस वर्षांपूर्वी तिच्या लेकीच्या, सात वर्षांच्या नुरजादाच्या रक्तातून काढलेला. नुरजादा गेली, तिच्या रक्तावर पोसलेलं तेवढं उरलं. दर महिन्याला बुबुसारा ते नव्या नळीत पेरायची. दरवर्षी प्रत्येक जंतू तपासून त्याची ओळख पटवायची, असा नियम होता. पण आईला लेकीची ओळख पटवायला कोण सांगणार? सत्तेचाळीसपुढे सगळे न बघताच बरोबरची खूण करत.

अलीकडे नळीतला थर कोरडा, सुरकुतलेला दिसे.

"वय कुणाला चुकलंय?" बुबुसारा म्हणायची. "आता एकोणतीसची असती."

मग राजधानीतून, बिश्केकहून, हुकूम आला. प्रयोगशाळा बंद. सगळे जंतू मारून टाका.

"एक नळी, तालाय," ती साहेबाला म्हणाली. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, तिला 'एजे', म्हणजे थोरली ताई, म्हणणारा. नळी कशी धरायची हेही त्याला तिनेच शिकवलेलं.

"एजे, ठेवणार कुठे? फ्रीजमध्ये, दह्याशेजारी?"

"दही लावायला तरी घरी कोण आहे माझ्या?"

तालाय हसला नाही. "शेजारची पोरं येतात की तुमच्याकडे. फ्रीज उघडतात. जो ताप तिला घेऊन गेला, तोच त्यांच्या घरी धाडायचाय का?"

ती मारायच्या नळ्यांची यादी करायला बसली. तीन दिवस सत्तेचाळीसचा आकडा तिने लिहिला नाही.

गुरुवारी सकाळी तिने बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले. तळणीचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, असं आई सांगायची. टोपली घेऊन ती कामावर आली.

"हे काय, एजे?" नळ्या-बशा धुणारी झूरा म्हणाली. "जंतूंचा चाळिसावा घातला की काय?"

मग झूराला तिच्या हातातली नळी दिसली. तिने ओला हात एप्रनला पुसला, चार ओळी दुवा पुटपुटली आणि दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. तालायनेही फिरवले. बुबुसाराने नळी स्वतः आत ठेवली, सगळ्यांच्या मधोमध, आणि झाकण हलकेच लावलं; थपडा मारल्या नाहीत. त्या दिवशी बोरसोक कुणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत.

मारलेल्या प्रत्येक नळीतलं थोडं बशीत पुन्हा पेरून बघायचं, दोन दिवसांत काही उगवलं नाही तरच फेकायचं, अशी रीत होती. शनिवारी बुबुसाराने बशा बाहेर काढल्या. पटकी नाही. हगवण नाही. घटसर्प नाही.

सत्तेचाळीस उगवलं होतं.

ती बशी उचलून ओरडली. "तालाय! अरे, जगली! जगली रे माझी पोर!"

झूरा धावत आली आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. तालाय मात्र बशीकडे बघत राहिला.

"एजे, विषमज्वराचा जंतू दूध तापवलं तरी मरतो. तुम्हीच शिकवलंत मला."

"आणि ही नाही मेली! बघ, वाफेतही नाही मेली!"

तालायने बशीतला कणभर थर काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

गवतावरचा साधा जंतू होता. हवेतून पडतो, कोरडा, सुरकुतलेला थर धरतो, चिवट असतो, कुणाला काही करत नाही. नुरजादाच्या जंतूच्या जागी तो नळीत केव्हापासून होता, ते कळायला मार्ग नव्हता.