रक्तानं सांगितलेली दुपार

“जानकीताई, तुमचं रक्त बोललं,” प्रयोगशाळेतली शरयू फोनवर म्हणाली. “तुमच्यावरचा डाग पुसला गेला.”

गोठवून ठेवलेल्या रक्तानं कधी किती ऊन सोसलं, हे प्रयोगशाळेतलं नवं यंत्र आता रक्तालाच विचारत होतं. बावीस वर्षांपूर्वी उत्तेजकाच्या चाचणीत जानकीच्या रक्तातलं हार्मोन वाढलेलं दिसलं होतं आणि एकोणिसाव्या वर्षीच तिचं धावणं संपलं होतं.

“तुम्ही काही घेतलंच नव्हतं. पेटीतला बर्फ वितळला, कुपी तीन तास तापली आणि आकडे बिघडले. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन नमुना नेणारी जीप कुठे उभी होती, एवढं लिहून द्या. मग काढून घेतलेलं पदकही परत मागता येईल.”

जानकीला सगळं आठवत होतं. घरी नमुना घ्यायला आलेल्या साहेबांना तिच्या बानं अडवलं होतं. पहिल्यांदाच आलात, जेवल्याशिवाय कसे जाल? कोंबडा कापला, नागलीच्या भाकरी झाल्या. पेटी मात्र अंगणातल्या जीपमध्ये, उन्हात राहिली.

“नाही आठवत,” ती म्हणाली.

समोर टेकडीवर चढणारी तिची सरावाची पायवाट गवतानं बुजली होती. तरी त्या वाटेकडे बघताना पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या.

ओट्यावरून म्हाताऱ्या बानं विचारलं, “काय गं, काय म्हणतात?”

“माझी काही चूक नव्हती म्हणतात.”

“मी सांगत नव्हतो? भली माणसं ती. आपल्याकडे जेवून गेली होती.”