उसनी धडधड

लेकीच्या जिवाची धडधड मनगटावरच्या पट्ट्यातून आपल्या छातीत ओढून घेता येते म्हटल्यावर मालनबाईंनी ऋजुताच्या दहावीलाच तो पट्टा स्वतःला बांधला. ऋजुता नोकरीला लागली तरी तो सुटला नव्हता. धडधड तरी केवढी! मांडणीवरची भांडी वाजायची, मांजर तर कंटाळून शेजारी राहायला गेलं.

आज मात्र मालनबाईंना दरदरून घाम फुटला. डाव्या हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना.

"ऋजू, आज काहीतरी वेगळंच होतंय गं."

"दुपारी माझी नव्या नोकरीची मुलाखत आहे ना, त्याचंच ते," ऋजुता वाटाणे सोलत म्हणाली. "चार लांब श्वास घे, जाईल."

श्वास घेतले, पण गेलं नाही. शेवटी मालनबाईंनी पट्टा काढून ओट्यावर ठेवला. ऋजुताचे हात लटलट कापायला लागले, वाटाणे घरभर घरंगळले. मालनबाईंची छाती मात्र तशीच धडधडत राहिली.

"आई, ही धडधड माझी नाही, तुझीच आहे!" ऋजुता किंचाळली. दवाखान्याला फोन लावायला गेली, तर बोटं एका जागी ठरेनात. भीती कशी सोसायची, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

लेकीचे ते हाल मालनबाईंना बघवेनात. त्यांनी पट्टा पुन्हा चढवला.

ऋजुता शांत झाली. "लावते गं फोन, एवढी काय घाई," म्हणत ती आधी वाटाणे वेचायला बसली.