तोंडावरचा हात

भूतानच्या राजाने आपणहून सत्ता सोडली आणि निवडणूक लावली, हे रिंझिनआजीला मुळीच पटलं नव्हतं. "एवढा चांगला राजा असताना मत कशाला?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

एका सकाळी जिल्ह्याचे जुने हाकीम, दाशोसाहेब, स्वतः तिच्या दारात मत मागायला आले. आजीने चटकन तोंडावर हात धरला. आपला श्वास मोठ्या माणसाला लागू नये म्हणून सत्तर वर्षं ती असाच हात धरत आली होती. दाशो कमरेत वाकून काहीतरी पुटपुटले. आजी त्यांच्याकडे बघतच राहिली, मग आत जाऊन दोन लवंगा घेऊन आली.

"घ्या साहेब, दाढेखाली धरा."

"पण आजी, माझी दाढ कुठं दुखतेय?"

"मग तोंडावर हात कशाला धरलाय?"