पेन्सिलीचा खडक

टेबलावर सागरी नकाशा पसरून मुलगी आत फोनवर बोलायला गेली, तसे बाबा तिसऱ्यांदा खुर्चीतून उठले. सकाळपासून त्यांचं बूड एका जागी टेकत नव्हतं. "बघून बघून भोक पाडाल त्या कागदाला," आई मघाशी म्हणाली होती.

सोमवारी ती निघणार होती. कयाकमधून, एकटी, पाच दिवस. कयाक म्हणजे काय, तर एक माणूस बसला की भरून जाणारी होडी. मुक्कामाच्या चार जागा तिने नकाशावर गोल करून ठेवल्या होत्या; तिथे होडी किनाऱ्याला लावता येते, गोडं पाणी मिळतं, तंबू ठोकता येतो. शुक्रवारचा टप्पा मात्र किनारा सोडून होता. खाडीच्या तोंडापासून थेट दीपगृहाच्या बेटापर्यंत, सात मैल उघडं पाणी. मग तिथून संध्याकाळच्या लाँचने घरी. त्या सात मैलांवरून बाबांची नजर हटत नव्हती.

सरळ 'जाऊ नकोस' म्हणायची सोय नव्हती. सागरी नकाशे दुरुस्त करणाऱ्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने समुद्राला घाबरायचं म्हणजे अतीच झालं. खरं तर बाबांना धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा मळमळायचं, पण ते असो. कुठे जहाज बुडालं, कुठे पाण्यावर तरंगणारा खुणेचा बोया हलला, की कचेरीत पत्रक यायचं आणि बाबा डोळ्यांत तेल घालून ती खूण नकाशावर चढवायचे. त्यांच्या नकाशाने कधी कुणाला फसवलं नव्हतं.

तेव्हा पोरीच्या बेतात चूक काढायची, एवढंच हातात उरलं होतं. भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्या. बरोबर. कर्कटक घेऊन अंतरं मोजली. तीही बरोबर. वारा फिरला तर कुठून मागे वळायचं, तेसुद्धा बारीक अक्षरात लिहिलेलं. शिकवलं त्यांनीच होतं. आता रडायचं कुणाच्या नावाने?

आतून तिचं हसणं ऐकू आलं. बाबांनी पेन्सिल उचलली आणि सात मैलांच्या बरोबर मध्यावर एक बारीकसं अधिकचं चिन्ह काढलं. भोवती ठिपक्यांचं कडं. पाण्याखालच्या खडकाची खूण. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ती बाहेर आली आणि नकाशावर वाकली.

"हा खडक कधी आला?"

"कचेरीतून फोन होता," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नवा सापडलाय. वाईट जागी आहे. शेवटचा टप्पा सोडून दे, गुरुवारीच ये परत."

तिने बोट खुणेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. कचेरीचा नियम तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. कायमची दुरुस्ती शाईने, तात्पुरती पेन्सिलीने. बुडालेलं जहाज महिन्याभरात उचलणार असतील तर पेन्सिल. बोया पुन्हा जागेवर आणणार असतील तर पेन्सिल.

"बाबा, हा पेन्सिलीने काढलाय."

"हं."

"म्हणजे तात्पुरता." तिने मान वर केली. "खडक तात्पुरता कसा असेल?"

शाईचं पेन बाबांच्या खिशातच होतं. ते काढायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तोंड खोटं बोलायला तयार झालं होतं. हात झाला नव्हता.

"मला झोप येत नाही गं," ते म्हणाले. "तू बेत सांगितलास त्या दिवसापासून. डोळे मिटले की ते सात मैल दिसतात, आणि त्यात तू एवढीशी." त्यांनी रबराकडे हात नेला. "आण, खोडतो. खोटा खडक नको नकाशावर."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग पट्टी घेतली, खाडीच्या तोंडापासून दीपगृहापर्यंत नीट लावली आणि त्या खडकावरून सरळ रेघ ओढली.

"राहू दे," ती म्हणाली. "शुक्रवारी मी आले, की तुम्हीच खोडा."