वरचा दात

वाटीनं पाणी पाजताना टक् असा आवाज झाला, तसं शैलाआजींनी नातीचं तोंड उघडून पाहिलं. तीन वर्षांच्या चारूच्या वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा दात चमकत होता.

"देवा, वरचा का रे आधी दिलास?" आजी धास्तावल्या. वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

चारूची वाढ जन्मापासून मंद होती आणि तिच्या हिरड्यांत दातांचे अंकुरच नव्हते. डॉक्टरांनी तिच्या मामाची, जयवंताची, अक्कलदाढ काढून तिच्यातल्या पेशींपासून अंकुर वाढवले आणि चारूच्या हिरड्यांत लावले होते. दिवाळीपर्यंत एकही उगवला नाही तर पुन्हा लावता येणार नव्हते. आज धनत्रयोदशी होती.

जयवंत धावतच आला. "आई, मला जड जायचं ते दाढ उपटतानाच गेलं!" असं म्हणत त्यानं भाचीच्या तोंडात बोट घातलं. तिनं ते कचकन चावलं. "अगं भवाने! माझ्याच दातानं मलाच?"

आजींनी आधी लेकाची दृष्ट काढली. मग रोज दुधात कुस्करायची ती भाकरी आज तशीच चारूच्या हातात दिली. चारूनं काठ कुरतडला, तिथं बारीकशी खूण उमटली.

जन्मात कधी देवापुढे उष्टं न ठेवलेल्या आजींनी तेवढा तुकडा मोडून देव्हाऱ्यात ठेवला आणि हात जोडले.