कालची तारीख

"शाब्बास, खराडे! आता स्टोअर सांभाळा," फॉर्म पुढे सरकवत मेजर डॉक्टर म्हणाले.

हवालदार खराडे घामाने निथळत उभा होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला, त्याला चौदा महिने झाले होते. कमांडो तुकडीत परतायचं म्हणून तो कार्बनच्या पायावर आधी चालायला, मग धावायला शिकला. आज पाठीवर वीस किलो घेऊन दहा किलोमीटर त्याने वेळेत संपवले होते.

त्याने फॉर्म वाचला. 'तुकडीसाठी अपात्र.' खाली सही होती, आणि तारीख कालची.

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. "साहेब, कालच ठरलं होतं, तर आज मला पळवलं कशाला?"

"वरूनच आदेश होता, खराडे. तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मी बघतो! कोरा फॉर्म काढा. मी परत धावतो. या वेळी बघायला तुम्ही या."

पाठीवर पुन्हा वजन चढवून तो मैदानाकडे निघाला. मागे कागद फाडल्याचा आवाज आला.

"थांबा, खराडे! आजची वेळ लिहितो मी!" मेजर ओरडले.

खराडे थांबला नाही. त्याचा राग अजून दहा किलोमीटर पुरणार होता.